बांगड्या कपाटात आहेत

लेस्टर (इंग्लंड), १४ मे २०२०

ती. सौ. आई आणि ती. पप्पा यांस,
शि. सा. नमस्कार.

पोस्टाने कधी पोचेल कुणास ठाऊक, म्हणून लिहून फोटो काढते आणि दादाच्या व्हॉट्सॲपवर टाकते. आजीला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका, तिला कळतं.

कोरोनाच्या वॉर्डात नर्स असले तरी मी ठणठणीत आहे. जेवते, झोपते, शेंगदाण्याची चटणी अजून शिल्लक आहे.

आई, परवा कॉलवर तू "हात भुंडे का गं?" विचारलंस आणि मग गप्पच झालीस. बांगड्या विकलेल्या नाहीत, कपाटात आहेत. इथे सगळ्या सरकारी दवाखान्यांत नियमच आहे की पेशंटजवळ जाताना कोपराच्या खाली अंगावर काही नको. घड्याळ नको, बांगडी नको, नरसोबाच्या वाडीचा गंडा नको, नेलपॉलिश नको. साधी बिनखड्याची एक अंगठी तेवढी चालते. घड्याळ छातीवर उलटं टाचायचं, म्हणजे मान खाली घातली की आपल्याला सुलटं दिसतं. मोठे डॉक्टरही बाह्या वर सारून फिरतात. पांढरा कोट तर २००८ पासून गेलाच. पहिल्या आठवड्यात मला डॉक्टर कोण आणि पेशंटचा भाऊ कोण, कळायचंच नाही. कारण एवढंच, की बाहीची कड या पेशंटवरून त्या पेशंटवर घासत जाते, अंगठीखाली जंतू टिकून राहतात आणि बांगड्या असल्या की मनगट धुतलंच जात नाही. साबणाने धुवायचं तर ४० ते ६० सेकंद, अंगठे आणि बोटांच्या बेचक्यांसकट. आता तुला भुंडे दिसतात ते दिसू देत.

पप्पा, तुम्ही विचारलंत, पुरेसं शिकवलंय का? अहो, शिकवलेलं आपल्याकडचंच आहे. हात कधी धुवायचे ते पाच प्रसंग मिरजेला नर्सिंग शिकताना परीक्षेत घोकून लिहिले होते. पण पुढे पहिली नोकरी लागली तिथे अख्ख्या वॉर्डाला एक बेसिन आणि नळाला पाणी सकाळपुरतं. माहिती सगळ्यांना होती हो, पाणी नव्हतं. आणि इथेही सगळं जाणणारी माणसं बारा तासांच्या ड्युटीच्या शेवटी बोलता बोलता मास्क पुढून धरून खाली ओढतात. म्हणून अंगावरचं संरक्षक किट उतरवताना समोर एकजण नुसती बघत उभी असते. घालताना धोका कमी, उतरवताना जास्त. आधी हातमोजे, मग गाऊन, मग चष्मा, आणि मास्क खोलीच्या बाहेर येऊन सगळ्यात शेवटी. मध्ये मध्ये हात साफ. मिरच्या चिरलेला हात तू डोळ्यापासून कसा लांब ठेवतेस, तसं.

मास्कचीही परीक्षा असते. डोक्यावर प्लॅस्टिकचा टोप चढवतात, आत कडूजहर फवारा मारतात आणि मान फिरव, वाक, बोलत राहा म्हणतात. मी एकोणतिसाचा पाढा म्हटला, पप्पांनी घोकून घेतलेला. वाकले तर जिभेवर कडू आलं, म्हणजे मास्क नापास. ते मोठ्या चेहऱ्याच्या मापाचे असतात. दुसऱ्या कंपनीचा लहान मास्क बसला, आता तोच वापरते.

गाऊन संपल्याच्या बातम्या दादाने दाखवल्या असतील. आमच्याकडे संपले नाहीत. म्हणजे एप्रिलमध्ये ओढाताण झाली, तेव्हा जपून वापरा, काही ठिकाणी पुन्हा वापरा असा सरकारी कागद निघाला. तो काही नवा शोध लागला म्हणून नव्हे, माल नव्हता म्हणून. पण आता ठीक आहे.

आपल्या लोकांना इथे जास्त धोका आहे हे खरं का, असं दादाने विचारलंय. आकडे तसे दिसतायत, सरकारने चौकशी लावलीय. माझाही फॉर्म भरून घेतला, साखर, बीपी, सगळं. मला काही नाही. आणि आपल्या इस्लामपूरला कोरोनाचे पेशंट सापडल्याची बातमी आली तेव्हा मी तुम्हाला किती फोन केले होते, आठवतंय ना? मग माझ्यावर कशाला रागावता.

तुम्ही मात्र बाजारात हातमोजे घालून जाऊ नका. त्याच हाताने भाजी, पैसे, नाक. साधा अंगाचा साबण पुरतो, सॅनिटायझरवर पैसे घालवू नका. आणि पप्पा, मास्क नाकाच्या वर.

आज गुरुवार, रात्री आठला सगळी गल्ली दारात येऊन आमच्यासाठी टाळ्या वाजवते. शेजारची बाई सगळ्यात जोरात वाजवते आणि मी लिफ्टमध्ये शिरले की बाहेर थांबते. थांबावंच, नियम आहे.

खरड छाटणीला माणसं मिळाली का? द्राक्षं गेली नाहीत म्हणून बेदाणा केलात ते बरं केलंत, पण भाव येईपर्यंत सोसायटीच्या कर्जाचा हप्ता थांबणार नाही. या महिन्याचे पैसे दादाच्या खात्यात टाकलेत, थोडे जास्त आहेत. हप्ता भरा. माझ्या नावाने ठेव नको.

छोटीचं लग्न माझ्यासाठी अडवून ठेवू नका. विमानं कधी सुरू होतील सांगता येत नाही. पन्नास माणसांत होतंय तर करून टाका, खर्चही वाचेल. मला व्हिडिओवर दाखवा, त्या दिवशी मी ड्युटी बदलून घेईन. तिची करवली मी होणार होते, ते तिला आता आठवण करून देऊ नका.

माझ्या त्या स्थळाचं. मुलीने कोरोनाच्या वॉर्डातून बदली घ्यावी असं ते म्हणतायत ना? त्यांना सांगा, बदली घेणार नाही. सहा महिन्यांनी विचारा म्हणावं, नाही विचारलं तरी चालेल. आई, रडू नकोस. व्हिसाही सरकारने वर्षभर वाढवून दिलाय, त्यामुळे इतक्यात येणं नाही.

आजीला नमस्कार, डोळ्याचे थेंब बंद करू नका.

तुमची लेक

ता. क. पैसे जास्त कसे आले ते दादाला विचारू नका. रविवारच्या ड्युटीला इथे जादा मिळतात. झेपेल तेवढ्याच घेते.