यंदाचा पांढरा रस्सा

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बघू की" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहितेय. आखाडाच्या रविवारी आपल्याकडे मटण येणार नाही. मामांच्या दुकानात मी परस्पर सांगून टाकलंय. आई, तुला न विचारता केलं, राग आला तर येऊ दे. विचारलं असतं तर तू बाबांच्या तोंडाकडे बघितलं असतंस आणि अर्धा किलो आलंच असतं.

बाबा, गाऊटनं पायाचा अंगठा सुजला की तुम्हाला चादरीचा स्पर्शही सोसत नाही. तरी "फोडी कुठं खातोय, नुसता रस्सा पितोय" हे आहेच. घोळ तिथंच आहे. मटण शिजताना त्यातलं प्युरीन नावाचं द्रव्य बरंचसं पाण्यात उतरतं, शरीरात त्याचंच युरिक अॅसिड होतं आणि ते सांध्यात साचलं की अंगठा सुजतो. म्हणजे फोडी बाजूला सारून तुम्ही नको तेच वाटीत घेता. तुम्हाला पुरावा लागतो, तर ऐका: २००४ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला. ४७ हजारांवर पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवलं होतं. मटण-मासळी जास्त खाणाऱ्यांत हे दुखणं जास्त निघालं. प्युरीन असलेल्या भाज्यांनी मात्र ते वाढलेलं दिसलं नाही. त्यामुळे मश्रूमवरून माझ्याशी भांडू नका.

रस्सा होणारच आहे, काळजी नको. मी इथं करून बघितलाय. कांदा सालासकट गॅसवर काळा होईपर्यंत भाजायचा, मश्रूम कोरड्या तव्यावर पाणी आटून तांबूस होईस्तोवर परतायचे (आई, इथं घाई करू नकोस, सगळी चव यातच आहे), मग गाजर, आलं, ठेचलेला लसूण, कोथिंबिरीचे देठ आणि मूठभर जव घालून मंद आचेवर पाऊण तास उकळायचं आणि गाळायचं. हाडांमुळे रश्शाला अंग येतं, ते थोडंफार जव भरून काढतात. काजू, खसखस, तीळ आणि मगज गरम पाण्यात भिजवून गंधासारखं वाटायचं. लवंग, मिरी, दालचिनी, वेलदोड्याची फोडणी तुझीच, फक्त तुपाऐवजी तेलात. नारळाचं दूध अगदी शेवटी. ते खळखळ उकळलं की फुटतं, हे मी तुला काय सांगणार! दाट दूध वाटीभरच घाल, तुझं कोलेस्टेरॉलही काही कमी नाही. याच पाण्यात कांदा-लसूण मसाला घालून तांबडा होतो. त्या मसाल्यात मीठ असतं, वरून बेतानं घाल.

अगदी तीच चव येते असं म्हणणार नाही. ओठ चिकटत नाहीत. पण मिरीचा झणका नाकात बसतो. भाकरी तीच, कांदा-लिंबू तेच, बाबांची पितळेची वाटी तीच. ताटात सुरणाचं सुकं असेल.

बाबा, नळी ताटावर ठोकून आतला मगज तुम्ही नेहमी माझ्याच भाकरीवर पाडायचात, दादानं कितीही तोंड वाकडं केलं तरी. ते मी कसं विसरेन? अक्काच्या लग्नाच्या आदल्या रात्रीचं पातेलंही आठवतंय. म्हणून तर हा निर्णय घेताना माझाच हात आखडत होता. आणि कायमचं बंद असं मी म्हटलेलं नाही. पुढच्या तपासणीत युरिक अॅसिडचा आकडा खाली आला तर डॉक्टरांना विचारून ठरवू.

तोवर पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा आणि रिकामा करा. दुखत नाही म्हणून गोळी मध्येच सोडायची नाही. आणि काकांच्या घरी "घोटभर चाखतो" हे चालणार नाही, काकूंनाही मी सांगितलंय. आई, तू नंतर उभ्यानं जेवू नकोस, त्यांच्याबरोबरच बस.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघते. मश्रूम मीच आणते. तू फक्त खसखस निवडून ठेव आणि कुकरची रबर बदलून घे.

तुमची,
छोटी