ताई, सत्कार नको म्हणालात, मग हे पत्र तरी घ्या

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

मागे आम्ही पालकांनी तुमचा, आमच्या दिव्यांग मुलांना थेरपी देणाऱ्या ताईंचा, सत्कार करायचं ठरवलं, तेव्हा "त्या शाल-श्रीफळाच्या पैशात स्पीच थेरपीच्या खोलीत मोठा आरसा लावा" म्हणून तुम्ही विषयच मिटवलात. आरसा लागला. हे पत्र मात्र तुम्हाला न विचारता सगळ्यांसमोर लिहितोय. यातलं काही आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या दुसऱ्या आईबापांच्या कामी येईल, एवढा स्वार्थ त्यात आहे.

मुलाला ऑटिझम आहे असं कळलं तेव्हा आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि त्याच्या आत्याकडे कन्नड. सोलापुरात यात नवल ते काय! पण एका दवाखान्यात सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा, तीही मराठी, नाहीतर पोरगं बोलायचं नाही. माझ्या आईला, म्हणजे पोराच्या अव्वाला, मराठी जेमतेम. दिवसभर विड्या वळता वळता त्याच्याशी बोलणारी ती एकटीच, आणि तीच गप्प बसली. तुम्ही घरी आलात, सगळं ऐकून घेतलंत आणि मला बाजूला ठेवून थेट तिच्याशी बोललात, तेही तुमच्या मोडक्यातोडक्या तेलुगूत. दोन भाषांनी ऑटिझम वाढत नाही, अव्वा, तुम्ही बोलणं थांबवू नका, असं सांगितलंत. तुमचं तेलुगू ऐकून ती हसली होती, हे आज सांगून टाकतो.

मग ती चित्रांची कार्डं, बोलता येत नसेल तर देऊन मागायची. विकतच्या कार्डावर पाण्यासाठी काचेचा ग्लास होता. आमच्याकडे पाणी तांब्यातून. पोराला त्या ग्लासाचं काय कळणार? तुम्ही मोबाइलवर आमच्याच तांब्याचा फोटो काढलात, लॅमिनेट करून पट्टीवर चिकटवलात. त्यानं ते कार्ड ओढून पहिल्यांदा कुणाला दिलं असेल तर अव्वाला. दिलं म्हणजे तिच्या सुपातल्या तंबाखूवर नेऊन ठेवलं. तिनं अर्धी वळलेली विडी टाकली आणि तांब्या भरून आणला. पुढं दोन तास तो तेच कार्ड आणत होता आणि ती दर वेळी उठत होती. "उठू द्या, पाणी मागितल्यावर पाणी मिळतं हे त्याला कळतंय," म्हणालात.

थेरपी खोलीत होते, असंच आम्ही समजत होतो. तुम्ही तर आमची गल्लीच कामाला लावलीत. किराणा दुकानदाराला सांगितलंत, हा चिठ्ठी आणि नोट घेऊन येईल, गप्प उभा राहिला तर घाई करू नका, मनात दहा मोजा, मगच विचारा. कटिंगवाल्या मामांकडे तर कमाल. आधी नुसतं खुर्चीत बसून परत यायचं. मग मामांनी लांबूनच कात्री वाजवायची. मग मशीन बंद ठेवून मानेला टेकवायचं, आणि चालू करायचं ते फार नंतर. मामांनी एकदाही कटकट केली नाही. गिऱ्हाईक खोळंबलं तर तेच त्यांना समजावायचे, "पोरगं शिकतंय, थांबा की जरा." गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेलाही आता तो येतो. होम मैदानावर गर्दी व्हायच्या आत, दुपारी, कानावर हेडफोन लावून. नंदीध्वजांची मिरवणूक अजून मोबाइलवरच बघतो, असू दे.

पण खरी धावपळ झाली तो अठरा वर्षांचा झाल्यावर. बँकेत सांगितलं, खातेदार सज्ञान झाला, आता तुमची सही चालणार नाही. माझाच मुलगा आणि माझी सही चालत नाही! पालकांची नैसर्गिक पालकत्वाची मुदत अठराला संपते, हे आमच्यातल्या किती जणांना माहीत असतं? 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो, ते काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती करते, हे तुम्ही कागदावर लिहून दिलंत. कोर्टकचेरीची गरज पडली नाही. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची, पुढं दर वर्षी हिशेब द्यायचा, तेही बजावलंत. मी हिशेबाची वही घातलीय.

आणि शेठना विचारलेला तो प्रश्न. टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला तो माझ्याबरोबर यायला लागला. चारी कडा जुळल्याशिवाय टॉवेल खाली ठेवत नाही, बाराचं बंडल कधी अकराचं होत नाही. शेठ म्हणाले, येऊ दे, वेळ जाईल त्याचा. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि विचारलंत, "पगार किती देणार?" मला तर घाम फुटला. नोकरी माझीही तिथंच आहे ना, ताई! पण आता दर शनिवारी इतरांसारखं त्याचंही पाकीट निघतं.

बायकोनं एक निरोप दिलाय. पालकांच्या गटातल्या दोघींनी दिवसभर मुलाला सांभाळलं म्हणून ती अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाऊन आली, तीही एकटी. घरी परतल्यावर नुसती झोपली. असं पाळीपाळीनं सांभाळायची कल्पना तुमचीच, म्हणून तिचा नमस्कार वेगळा लिही म्हणाली.

आता कामाचं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याची मुदत 31 मार्चला संपते. त्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही, म्हणून ती चुकवायची नाही. नूतनीकरणाचे कागद आणि दिव्यांग ओळखपत्राची झेरॉक्स काढून ठेवलीय. शिवाय आमच्या शेजारची अडीच वर्षांची मुलगी हाक मारली तरी वळून बघत नाही. अंगणवाडीत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं की दाखवा, असं तिच्या आईला सांगितलंय, पण ती घाबरलीय. येत्या रविवारी तिला घेऊन येतो. अव्वाही येणार आहे, कारण त्या बाईला मराठी येत नाही. शेंगाचटणी पाठवतोय, तिला सत्कार समजू नका.

आपला,
पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार आणि बाप