ब्लॅकबर्नहून (इंग्लंड) अण्णांना

ती. अण्णांस, सा. न.

फोनवर तुम्ही विचारलंत, "पुण्याच्या कोंबडीवाल्यांना तिकडचा फुटबॉल क्लब कशाला हवा?" तेव्हा रेंज गेली, म्हणून त्या वेंकीजवाल्यांनी इथला ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लब का घेतला, ते लिहून कळवतो.

माझे शेजारी आजोबा इथल्या कापड गिरणीत साच्यावर होते. गिरण्या आपल्या सोलापूरसारख्याच बसल्या, पण 1875 चा ब्लॅकबर्न रोव्हर्स टिकला. गावात तेव्हा ऑलिंपिक नावाचा आणखी एक क्लब होता. त्यात विणकर आणि कारखान्यातले कामगार खेळायचे. 1883 मध्ये त्यांनी एफए कप ही इंग्लंडची मोठी स्पर्धा जिंकली, तीही ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना, म्हणजे बड्या साहेबांच्या पोरांना हरवून. आजोबा हे असं सांगतात, जणू स्वतः मैदानावर होते.

1992 मध्ये प्रीमियर लीग, म्हणजे इथली सगळ्यात वरची लीग, सुरू झाली आणि टीव्हीचा पैसा धो धो आला. 1995 मध्ये बोसमन नावाच्या खेळाडूच्या खटल्यातल्या निकालाने करार संपलेल्या खेळाडूला युरोपभर वाट मोकळी केली. 1999 मध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी चेल्सी क्लबने अकराच्या अकरा खेळाडू परदेशी उतरवले. पाठोपाठ मालकही बाहेरचे आले. मँचेस्टर युनायटेडचं तर ऐकाच. 2005 मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने तो कर्ज काढून घेतला आणि त्यातलं बरंचसं कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. मिल गहाण ठेवून तीच मिल विकत घ्यावी, तसं! चिडलेल्या काही लोकांनी त्याच वर्षी आपला वेगळा क्लब काढला.

रोव्हर्स 1995 मध्ये लीग जिंकले तेही पैशावरच, पण तो पैसा गावच्याच पोलादवाल्या जॅक वॉकरचा. 2010 मध्ये वेंकीजने क्लब घेतला. मग खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये कोंबडी खातायत अशी जाहिरात आली. 2012 मध्ये संघ खालच्या लीगमध्ये घसरला, त्या रात्री कुणीतरी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. त्यानंतरही मालकांनी कोट्यवधी पौंड ओतलेत, हे मात्र इथे कुणी कौतुकाने सांगत नाही. मी भारतातला म्हटलं की पहिला प्रश्न, "पुण्याचा?" सोलापूर तिथून अडीचशे किलोमीटर आहे, हे सांगून सांगून थकलो.

आता कशाला हवा, ते. दुकान आवडलं नाही तर माणूस दुसरीकडे जातो, क्लब मात्र सहसा कुणी बदलत नाही. असं हक्काचं गिऱ्हाईक कुठल्या धंद्यात मिळतं? शिवाय ते आता जगभर आहे. आपला सच्या युनायटेडचा शर्ट घालून सात रस्त्याला मिरवतो ना, तो शर्ट नव्या पेठेतला नकली, त्यातून क्लबला छदामही मिळत नाही. पण सच्या रात्री जागून मॅच बघतो, त्या बघण्यावरच टीव्हीचे हक्क विकले जातात. त्याला सांगा, अभ्यासही तेवढाच जागून कर.

तुम्ही किती साचे सांभाळायचात, ते पुढच्या फोनला सांगा. आजोबा म्हणतात, ते सहा सांभाळायचे. मला खरं वाटत नाही.

आईला नमस्कार.

आपला,
बाळू