शिफारस करणाऱ्याने बिल तपासू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराच्या दुरुस्तीसाठी कंत्राटदार शोधताना आपण सहसा ओळखीतल्या जाणकाराच्या शब्दावर विसंबतो. मात्र त्या जाणकाराचा कंत्राटदाराशी काही आर्थिक संबंध आहे का, हे विचारण्याचा आपल्याला संकोच वाटतो. मलाही तो वाटला होता.

आमच्या न्हाणीघरातील गळती पाहायला आलेल्या सल्लागाराने सगळी फरशी उखडून नव्याने वॉटरप्रूफिंग करावे लागेल असे सांगितले, कंत्राटदारही सुचवला आणि पुढे त्याचे बिलही स्वतःच तपासून मंजूर केले. दोन महिन्यांत भिंतीवर पुन्हा ओल आली. दोष पाइपाच्या एका सैल जोडात होता, हे दुसऱ्या प्लंबरने दाखवून दिले. आणि आमच्या बिलावर सल्लागाराला टक्केवारी मिळाली होती, हे त्यानंतर कळले.

त्या सल्लागाराला मी लबाड म्हणणार नाही. पण काम जितके मोठे तितके कमिशन मोठे, अशी व्यवस्था असली की फक्त जोड बदलण्याचा सल्ला देणाऱ्याचे नुकसानच होते. शिवाय ही रक्कम कंत्राटदार पदरची देत नाही. ती दरांत मिसळून घरमालकाकडूनच वसूल होते. सर्वांत वाईट म्हणजे काम निकृष्ट झाले तर ते स्पष्ट सांगू शकणारा एकमेव जाणकार आधीच बांधला गेलेला असतो. हे बंधन रोख पैशांचेच असते असे नाही. स्वतःच्या घरी फुकटात करून घेतलेले रंगकामही तितकेच बांधून ठेवते.

‘संबंध असेल तर तो आधी सांगावा’ एवढा उपाय पुरेसा मानला जातो. डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि डॉन मूर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र वेगळेच दिसले. बरणीतील नाण्यांची किंमत ओळखणाऱ्यांना सल्ला देणाऱ्यांचा फायदा चढ्या अंदाजात होता. तो हितसंबंध उघड केल्यावर त्यांनी आकडा आणखी फुगवून सांगितला आणि ऐकणाऱ्यांनी त्यातून पुरेशी वजावट केली नाही. एकदा सांगून टाकले की मन मोकळे होते, असाच याचा अर्थ मला वाटतो.

म्हणून संबंध सांगण्यापलीकडे जाऊन कामांची फारकत करायला हवी. दोष शोधणाऱ्याने कंत्राटदार सुचवू नये, आणि सुचवलाच तर मोजमाप व बिल तपासण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. सल्लागाराची फी घरमालकाने थेट आणि ठरावीक द्यावी, म्हणजे ती बिलाबरोबर वाढणार नाही. अनेक वर्षे एकाच चांगल्या कारागिराबरोबर काम केलेल्या वास्तुरचनाकाराने त्याचे नाव सुचवणे यात मला काहीच गैर वाटत नाही. मात्र त्याने कमिशन घेत नसल्याचे लेखी द्यावे आणि इतरांचे बाबवार दरही मागवू द्यावेत.

वृत्तपत्रांच्या घरविषयक पुरवण्यांमध्येही कंत्राटदारांची नावे सुचवली जातात. ज्यांचा त्या कंत्राटदारांशी व्यवहार आहे, त्यांच्याकडून असे लेख आपण घेऊ नयेत, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक