मंत्रिमहोदय, डब्या लपवण्याआधी त्या सांभाळणार कोण हे ठरवा

प्रति,
माननीय पर्यटनमंत्री,
गोवा राज्य, पणजी

सप्रेम नमस्कार.

किनाऱ्यावर येणारा पाहुणा आत डिचोली, साखळी, नार्वे, हरवळेपर्यंत यावा असे आपल्या खात्याला वाटते, आम्हालाही वाटते. जिओकॅशिंगची वाट त्यासाठी स्वस्त आणि उत्तम उपाय आहे. मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्यायचे, जागेवर पोचायचे, लपवलेली डबी शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचे आणि डबी होती तिथेच ठेवायची. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली त्रुटी काढली आणि लगेच ओरेगॉनमध्ये पहिली डबी ठेवली गेली. आज हा खेळ जगभर चालतो.

आमचे मागणे एकच आहे. शंभर डब्यांचे उद्घाटन नको. एका डिचोली तालुक्यात बारा जागा निवडा आणि त्यांच्या देखभालीची दोन वर्षांची तरतूद आधी करा.

नार्वेचे श्री सप्तकोटेश्वर देवस्थान घ्या. मूळ देऊळ दिवाडी बेटावरचे, तेव्हा वाट दिवाडीतच सुरू व्हावी आणि फेरीबोटीने नदी ओलांडून पाहुणा नार्वेत उतरावा. देवळात एकही डबी ठेवू नये. दारावरच्या शिलालेखात शके १५९० आहे; शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार सुरू केला ते हे साल. पाहुण्याने ते वाचायचे, ७८ मिळवून १६६८ काढायचे आणि त्यातला ८ पुढच्या जागेच्या अक्षांशात शेवटी घालायचा. परदेशी पाहुण्याला देवनागरी अंकांचा छोटा तक्ता द्यावा, म्हणजे पुढच्या गावात तो आकडे आपले आपण वाचेल. शिलालेखाचे वाचन इंटरनेटवर मिळते, म्हणून दुसरा आकडा देवळापुढच्या दीपस्तंभाचे थर मोजूनच मिळेल असा ठेवावा. कोडे नेहमी दगडात कोरलेल्या गोष्टीवर रचावे. फलकावरच्या मजकुरावर रचले, तर फलक रंगवला त्या दिवशी ते बाद होते. शेवटची डबी देवळापासून दूर, पंचायतीच्या वाचनालयात किंवा राजीखुशीने तयार झालेल्या गाडेवाल्याकडे असावी.

हरवळेच्या लेण्यांनाही हाच नियम लावावा: संरक्षित वास्तूत, देवराईत, घुमटीजवळ, खुरसाजवळ (क्रुसाजवळ), राखणदाराच्या म्हणजे गावरक्षक देवाच्या जागी डबी ठेवायची नाही. काहीही पुरायचे नाही. आणि जाहिरातीत ‘खजिना’ हा शब्द कृपा करून वापरू नका. गुप्तधनाच्या अफवेने पडीक वाडे आणि गड खणले जातात. सरकारी पत्रकाने त्याला हातभार लागायला नको.

आता पाऊस. डबी बिघडते ती बहुतेक वेळा झाकणापाशी. वहीचे पान किंवा वाळूचा कण झाकणाच्या रबरात अडकतो, फट राहते आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वहीचा लगदा होतो. चारही बाजूंनी कड्या आणि सिलिकॉनचे रबर असलेली अर्ध्या लिटरची पारदर्शक डबी घ्यावी. वही डबीपेक्षा दोन बोटे लहान असावी आणि वेगळ्या पिशवीत असावी. पेन्सिलच ठेवावी, पेनाची शाई फुटते. सिलिका जेलची पुडी ओल शोषते, पण ती बदलायला माणूस लागतो. चिऱ्याच्या गडग्यातल्या भोकात डबी कधीही ठेवू नये, तिथे मुंग्या घर करतात आणि सापही असतो. जिथे हात घालण्याआधी आत दिसत नाही, ती जागा बाद. खाऊ तर नकोच. हरवळेच्या धबधब्याकडच्या डबीची खेळाच्या संकेतस्थळावरची नोंद जून ते सप्टेंबर तात्पुरती बंद ठेवावी, मात्र पावसाळा संपताच तपासून उघडावी, कारण फार काळ बंद राहिलेली नोंद त्या संकेतस्थळाचे स्वयंसेवक कायमची काढतात. जिला सांभाळणारा जवळपास नाही अशी डबी ते मुळात मंजूरच करत नाहीत. म्हणून गावातला महिला स्वयंसाहाय्य गट किंवा वाचनालय हाच डबीचा मालक असावा: एरवी महिन्यातून एक फेरी, पावसात पंधरवड्याला एक, आणि प्रत्येक फेरीचे मानधन वेळेवर. मुंबई-दिल्लीच्या कंत्राटदाराने हे होणार नाही.

अक्षांश-रेखांश लिहिताना एक चूक हमखास होते. हा खेळ अंश आणि दशांश मिनिटांत चालतो. १५ अंश ३५.५० मिनिटे म्हणजे ३५ मिनिटे ३० सेकंद. कारकुनाने ५० सेकंद समजून टाइप केले की जागा सहाशे मीटरांहून जास्त सरकते आणि पाहुणा कुणाच्या तरी कुळागरात (माडा-पोफळींच्या बागेत) शिरतो. माडा-पोफळींखाली मोबाइल दहा-पंधरा मीटर सहज चुकतो, म्हणून मोजणी दोन वेगळ्या दिवशी करून सरासरी घ्यावी आणि खुणेची एक ओळ सोबत द्यावी. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागते.

परवानग्या तोंडी नकोत. जागा देवस्थानाची असेल तर महाजनांची (देवस्थानाच्या सभासदांची), कोमुनिदादची म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची असेल तर कोमुनिदादची, रानात वनखात्याची लेखी संमती हवी. बाराही जागांची यादी पोलीस ठाण्यात द्या आणि डबीवर मराठी, कोकणी व इंग्रजीत खेळाचे नाव आणि पंचायतीचा दूरध्वनी चिकटवा, नाहीतर एका बेवारस डबीसाठी बॉम्बशोधक पथक बोलवावे लागेल. पूल, धरण, शाळा यांच्या जवळपासही फिरकू नये. माहितीपानाच्या पहिल्याच ओळीत हेही लिहा की परवानगीशिवाय उपग्रह संदेशयंत्र भारतात आणणे बेकायदा आहे. अशी यंत्रे घेऊन येणाऱ्या परदेशी प्रवाशांना गोव्याच्या विमानतळावर अडवले गेले आहे. या वाटेला साधा मोबाइल पुरतो.

मे महिन्यात जागा पाहून घ्या, पावसाळ्यात रिकाम्या डब्या बाहेर ठेवून कुठली ओल धरते ते तपासा, आणि ऑक्टोबरात वाट उघडा. जागा दाखवायला आणि मोजणी करायला आम्ही विनामोबदला येऊ. देखभालीच्या तरतुदीचा आदेश निघाला की कळवावे.

आपले विश्वासू,
डिचोली तालुक्यातील जिओकॅशर आणि स्थानिक इतिहासाचे अभ्यासक