तंबोऱ्यावर कोण होते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील ‘ड्रोन’ संगीतावरचा लेख आवडीने वाचला. (ड्रोन म्हटल्यावर लग्नात डोक्यावर घिरट्या घालणारा कॅमेराच आठवत असेल, तर येथे अखंड धरून ठेवलेला आधारस्वर अभिप्रेत आहे.) मात्र न्यूयॉर्कमधील ‘थिएटर ऑफ इटर्नल म्युझिक’ या मंडळींना लेखकाने ‘(अमेरिकन संगीतकार) ला माँट यंग यांचा वाद्यवृंद’ म्हणून एका ओळीत उरकले आहे, आणि माझी हरकत त्या ओळीलाच आहे.

१९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात यंग आणि मेरियन झझीला यांच्या चर्च स्ट्रीटवरील राहत्या जागेत ही मंडळी जमत. ते दोघे गात, टोनी कॉनरॅड व्हायोलिनवर आणि जॉन केल व्हायोलावर (व्हायोलिनच्याच जातीचे, थोडे मोठे वाद्य) स्वर धरून ठेवीत. गज एकाच वेळी अनेक तारांवर फिरावा म्हणून केल यांनी व्हायोलाची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून सपाट केली होती आणि तारा इलेक्ट्रिक गिटारच्या चढवल्या होत्या. गणित शिकून आलेल्या कॉनरॅड यांच्यामुळे स्वरांतरे पूर्णांकांच्या गुणोत्तरांत मोजण्याची रीत तेथे रुळली. आधारस्वर घेतला तो यंग यांच्या कासवाच्या काचपेटीतील मोटारीच्या घरघरीवरून. अमेरिकेतील विजेची ती सेकंदाला ६० आंदोलने. आपल्याकडे वीज ५०ची, त्यामुळे आपल्या पंख्याखाली बसून हा प्रयोग केल्यास स्वर बराच खाली लागेल!

पुढे या मंडळींच्या वादनाच्या ध्वनिफितींच्या मालकीवरून तंटा झाला. या रचना आपल्या एकट्याच्या, असे यंग यांचे म्हणणे; हे सर्वांनी मिळून घडवलेले संगीत आहे, असे कॉनरॅड आणि केल यांचे. १९९० साली बफेलो येथे यंग यांच्या कार्यक्रमाबाहेर कॉनरॅड फलक घेऊन उभे राहिले होते. जागा यंग यांची आणि मूळ कल्पनाही बरीचशी त्यांची, हे मान्य केले तरी, ज्या संगीतात स्वर धरून ठेवणे हेच सर्वस्व आहे, तेथे तो धरणाऱ्यांना निव्वळ साथीदार ठरवणे मला पटत नाही.

हे मी तिऱ्हाइताच्या अलिप्ततेने लिहीत नाही. अनेक वर्षे मी माझ्या गुरूंच्या मागे तंबोरा घेऊन बसले आहे. सभागृहातील वातानुकूलनाने तार किंचित हलली, की छेडण्याची लय न मोडता डाव्या हाताने तारेतला, स्वर बारीक जुळवणारा मणी केसभर सरकवावा लागतो, आणि तेवढ्यात गाणाऱ्याची नुसती मान वळली तरी पोटात गोळा येतो. जवारी (नाद खुलवणारी घोडीवरची जुळणी) नीट लागलेली असेल, तर खरजाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सा’च्या तारेतून न छेडलेला गंधार (‘ग’) आपोआप ऐकू येतो. गायक आपला गंधार त्यावर पडताळून पाहतो. मी साथ केलेल्या एका मैफलीच्या वृत्तात तबला आणि संवादिनीच्या वादकांची नावे होती. तंबोऱ्यांवर बसलेल्या आम्हा दोघींपैकी कोणाचेही नव्हते. छायाचित्रात मात्र माझा तंबोरा स्पष्ट दिसत होता, भोपळ्यापासून खुंट्यांपर्यंत.

गंमत अशी, की हेच यंग आणि झझीला १९७० पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले आणि वर्षानुवर्षे त्यांच्या मागे तंबोऱ्यावर बसले. ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, तेच हे घराणे. १९९९ साली या दोघांनी केवळ तंबोऱ्यांच्या नादाची एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. गाणे नाही, तबला नाही. शीर्षकात गुरूंचे नाव आणि वादक म्हणून या दोघांची नावे. इतरांच्या श्रेयाबाबत यंग कसेही वागले असोत, तंबोरा वाजवणाऱ्याचे नाव छापावे, हे त्यांना उमगले होते.

तेव्हा आपल्या संगीत समीक्षकांना एवढीच विनंती करावी, की साथीदारांची नावे टिपून घेताना मागे बसलेल्या दोघांनाही त्यांची नावे विचारावीत. मैफल संपल्यावर वाद्यांना गवसणी घालत ती बराच वेळ तेथेच असतात.

आपली,
एक वाचक, सांगली