खोपीत सिमेंट झालं, आता मातीची कामं आपली

ती. आई-बाबांस,
सप्रेम नमस्कार.

डुकरांच्या खोपीत सिमेंट घातलंत, बरं केलंत. पावसात चिखल उपसायचं तुमचं वय आता नाही. पण जुन्या खोपीत बरीच कामं माती परस्पर करायची, ती आता हातानं करावी लागतील. डुकरीण 8 डिसेंबरला लावली, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस धरून 1 एप्रिलच्या आसपास विणार.

सगळ्यात आधी लोह. डुकरिणीच्या दुधात ते फारच कमी. पूर्वी पिल्लं तांबडी माती उकरून तोंडात घ्यायची आणि भागायचं. फरशीवर ती दोन-तीन आठवड्यांत फिकी पडतात, धापा टाकतात, आणि बहुधा गुबगुबीत पिल्लूच आधी जातं, कारण भराभर वाढणाऱ्याला रक्त जास्त लागतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून प्रत्येकाला आयर्न डेक्स्ट्रानचं 200 मिलिग्रॅमचं इंजेक्शन मानेत द्या. बाटलीवर एका मिलीत किती मिलिग्रॅम ते बघून घ्या. सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. शिवाय जिथं डुकरं कधी फिरली नाहीत अशा जागेची माती रोज परातभर ठेवा. जुन्या खोपीजवळची नको, तिच्यात जंतांची अंडी असतात.

दुसरं, ऊब. नव्या पिल्लाला 32 ते 34 अंश लागतात. आईला तेवढ्यात धाप लागते, तिला घाम येत नाही. म्हणून एका कोपऱ्यात फळी आडवी लावून, खालून पिल्लांपुरती वाट ठेवून, आत 100 वॉटचा बल्ब सोडा. पिल्लं एकमेकांवर चढून झोपली तर बल्ब खाली घ्या, लांब पांगली तर वर. पेंढा वीतभर कापूनच घाला. लांब काडीत पिल्लांचे पाय अडकतात. आई अंग टाकते तेव्हा पिल्लं भिंतीशी चेंगरतात. त्यासाठी भिंतीपासून 9-10 इंच पुढे आणि जमिनीपासून तेवढाच वर पाइप बसवा. खर्च करायचा तर इथेच करा.

सड दाबल्यावर दूध आलं की दिवसभरात विते. दोन पिल्लांत साधारण पंधरा-वीस मिनिटं जातात. कळा चालू असून तासभर काही आलं नाही तर डॉक्टरांना बोलवा, हात घालू नका. व्यायल्या दिवशी कोंड्याचं पातळ आंबोण आणि भरपूर पाणी, बस. मग आठवडाभरात खाद्य वाढवत न्या: रोज दोन किलो, आणि वर दर पिल्लामागे पाव किलो. आठ पिल्लं असतील तर चार किलो. भाताचा कोंडा महिन्याचा साठवू नका, खवट होतो.

हॉटेलचं खरकटं बंदच करा. उकळलं तरी त्यातलं मीठ जात नाही, आणि पाणी कमी पडलं की तेच मीठ डुकराला बाधतं, झटके येतात. 2020 साली ईशान्येत आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा रोग शिरला. त्यावर औषध नाही आणि विषाणू डुकराच्या मांसातून पसरतो. घरचं खरकटंसुद्धा अर्धा तास खळखळ उकळून, आठळ्या आणि अळूही शिजवूनच.

नाताळात व्यापारी अंदाजानं वजन सांगेल. आई, तुझी शिवणाची टेप घे. पुढच्या पायांमागचा घेर इंचात, त्याला त्यानेच गुणायचं, मग कानांपासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीनं गुणून 880 नं भागायचं. घेर 40, लांबी 42 असेल तर साधारण 76 किलो. भाव त्यावर बोला.

तुमची लेक